नाक्यावरचं अभिनंदन

मानखुर्दच्या आमच्या संस्थेत मला सगळे ताई म्हणतात. ताई सगळं निस्तरते, असा तिथे एक समज आहे. डोंबल निस्तरते!

वस्तीतलं मैदान म्हणजे मंडळाच्या पोरांची जहागीर. तिथे मुलींचं फुटबॉल सुरू करायचं म्हटल्यावर पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी त्यांची बाईकच मागितली. मग मी त्यांच्या नाकदुऱ्या काढल्या. गणपतीत आरतीला उभी राहिले, भांडले, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्यांच्यासोबत चहा प्यायले. हळूहळू पोरं नरमली. गोलपोस्टला बांबूसुद्धा त्यांनीच आणून दिले. आमचे वरचे लोक याला लोकसहभाग म्हणतात. मी म्हटलं, चला, सुटले एकदाची.

मुलींमध्ये एक भारी होती. पायात बॉल आला की कोणाच्या बापाला ऐकायची नाही. प्रश्न तिच्या स्वतःच्या बापाचा होता. मालवणकडचा, रिक्षा चालवायचा, सरळ माणूस. पण मुलगी हाफ पँट घालून मैदानात धावते हे त्याला चाललं नसतं. म्हणून ती क्लासला जाते असं घरात सांगितलेलं. सांगणारी तिची आई. "खेळू दे तिला ताई, यांचं मी बघते," असं मला आईनेच येऊन सांगितलं होतं. आमच्या निम्म्या मुली अशाच 'क्लासला' येतात.

मग तिची जिल्ह्याच्या संघात निवड झाली. आता बापाला सांगायलाच हवं होतं. आईने ठरवलं, रविवारी, मटणाचं जेवण झालं की मूड बघून विषय काढायचा.

पण आमच्याकडे काही चांगलं झालं की नाक्यावर बॅनर लागतो. कोणी दहावी पास झालं, कोणाचा वाढदिवस आला, लाव बॅनर. पोरांना कुठला धीर निघतोय? शनिवारी सकाळी मी गल्लीतून बाहेर पडले आणि समोर बॅनर. माणसाच्या दुप्पट उंचीची ती, केस उडतायत, हाफ पँटमध्ये धावतेय. वर लिहिलेलं, 'आमच्या वस्तीची वाघीण, हार्दिक अभिनंदन!' खाली गॉगल लावलेले सगळे शुभेच्छुक. आणि त्याच्या बरोब्बर खाली रिक्षा स्टँड.

"कसा झालाय ताई? झकास ना?" पोरांनी विचारलं.

आजवर एवढा मोठा बॅनर त्यांनी फक्त नगरसेवकासाठी लावला, तो पहिल्यांदा एका मुलीसाठी लावला होता. ते व्हावं म्हणून तर मी एवढी मरमर केली होती. रडावं की त्यांना मिठी मारावी, मला कळेना. काढा म्हटलं, तर त्यांची तोंडं उतरली. बॅनर उतरेपर्यंत दुपार झाली आणि वाट लागायची ती लागलीच.

तेवढ्यात पोरगी धापा टाकत ऑफिसात आली. "बाबांना कळलं. मी आईचं नाव नाही घेतलं, ताई. तुम्हीपण घेऊ नका हां. तिला कायमचं माहेरी पाठवतील."

संध्याकाळी बाप आला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आरडाओरडा मला झेपतो. तो बिचारा खाकी शर्टात मुलांच्या बुटक्या बाकावर बसला.

"सगळे हात मिळवतत. पेढे खंय, म्हणान इचारतत. आणि माका कायएक म्हायत नाय. मी नुसतो हसतंय."

मी बोलत सुटले. निवड, कॉलेजची ॲडमिशन, पुढे नोकरी. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चांगला खेळता ता?"

"खूप चांगलं खेळते हो."

त्याने मान हलवली. मग माझ्याशी बोलायची त्याची ती जपून जपून मराठी काढून विचारलं, "ताई, खरं सांगा. तिच्या आईला माहीत होतं?"

काय बोलणार होते मी? हो म्हटलं तर आई जाते, नाही म्हटलं तर सगळं पोरीच्या डोक्यावर.

"नाही," मी म्हटलं.

त्याने केवढा तरी श्वास सोडला. "मग बरं. दोघींनी मिळून फसवलं असतं तर..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. "पोरीला तेवढं गावी पाठवतो. आजीकडे."

मी त्याच्या घरी गेले, परत गेले. प्रत्येक वेळी त्याने मला चहा पाजला. चहा पाजणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा? शेवटी आईला गाठलं. "वहिनी, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील."

"आधी बोलले असते तर ऐकलं असतं कदाचित," ती म्हणाली. "आता पोरीची बाजू घेतली की त्यांना संशय येणार."

पोरगी गावी निघाली त्या संध्याकाळी मी हायवेवर गेले. बस लागलेली होती. बाप सामान चढवत होता. आई त्याच्याशेजारी उभी होती, आणि तिने एकदम आवाज चढवला.

"बापाशी खोटं बोलतेस? लाज नाही वाटत?"

पोरीने आईकडे बघितलं. मग मान खाली घातली.

"चुकले, आई," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.