न उडालेला फ्यूज

गाड्यांच्या वायरिंगचे काम करणाऱ्या या गृहस्थांना सारी गल्ली ठिणगीकाका म्हणते, ते निव्वळ चेष्टेने. ठिणगी पडू नये याचीच चिंता त्यांनी आयुष्यभर वाहिली आहे. पत्नीच्या पश्चात मुलीला त्यांनी एकट्याने वाढवले, वर्कशॉपच्या वरच्याच खोलीत. त्यांच्या कामाची एक रीत सर्वांच्या परिचयाची आहे. गाडी कोणाचीही असो, हत्यार उचलण्याआधी ते विचारतात, "शेवटचा हात कोणाचा लागला?" माझ्या माहितीप्रमाणे हा प्रश्न त्यांनी एकदाच गिळला. त्या दुपारची हकीकत मी काका, त्यांची मुलगी आणि जावई या तिघांकडून वेगवेगळी ऐकली. जिथे तिघांचे जुळत नाही, तिथे तसे म्हटले आहे.

जावयाने जुनी कॅम्पर व्हॅन घेतली होती. आत पलंग, शेगडी, सिंक. चाकांवरचे बिऱ्हाडच ते. दुसऱ्या दिवशी नवरा, बायको आणि लहानगी डोंगरापलीकडे निघणार होते. रस्ता खाणीच्या ट्रकांचा, सतत चिखल उडवणारा, आणि पुढच्या काचेवर पाणी मारणारा वॉशर बंद.

"बाटलीने मारत जाईन पाणी," जावई म्हणाला.

"आणि स्टिअरिंग कोण धरणार, तुझा आजोबा?" मुलीने विचारले.

काका हसले. नेहमीचा प्रश्न ओठांवर आला होता. पण जावयाला असे विचारणे म्हणजे त्याच्यावर आळ घेणे, असे वाटून ते थांबले. "बघतो, जावईबापू," एवढेच म्हणाले.

आधीच्या मालकाने वॉशरची टाकी आणि मोटर मागे, पलंगाखालच्या खणात हलवली होती. पलंगावर नात दुपारची झोपली होती. तिला न हलवता काका पालथे पडून खणात शिरले. जावई पुढे बसून वॉशरचा दांडा ओढू लागला. टेस्ट लॅम्पने एवढे स्पष्ट झाले, की मोटरपर्यंत करंट येतो आहे, त्याचा परतीचा मार्ग, म्हणजे अर्थ, मात्र तुटला आहे. अर्थची वायर पत्र्याला जिथे स्क्रूने आवळली होती, तिथे काळी पूड साचली होती. गंज समजून काकांनी ती खरवडली, नवे टोक बसवले, स्क्रू आवळला.

"ओढा."

मोटर घुरघुरली.

"लागली! बाबा, मानलं तुम्हाला!" जावई पुढून ओरडला.

काचेवर मात्र थेंब नाही. मोटर फिरत नव्हती, नुसती कण्हत होती. "धरून ठेवा," म्हणत काकांनी आवाजाला कान लावला. अडकलेली मोटर भलताच करंट खेचते आणि मग फ्यूज उडतो. तो उडण्याची ते वाट पाहत होते. घुरघुर चालूच राहिली.

मुलगी सांगते, खणातून बाहेर आलेला बाबांचा तसा चेहरा तिने आईच्या आजारपणानंतर पाहिला नव्हता.

"सोडा! सोडा आधी तो दांडा! फ्यूज का उडत नाहीये?"

"आता कसा उडेल?" जावई खुशीत होता. "मागच्या महिन्यात सारखा उडायचा, नुसती कटकट. मी त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली. मग एकदाही उडाला नाही. वॉशर काय तो तेवढा आपोआप बंद पडला."

आपोआप नव्हे. फ्यूज उडेना, म्हणून वायर तापली. तापून अर्थचे टोक जळाले, आणि त्या जळण्यानेच इतके दिवस करंट अडवून धरला होता. गाडीत तेवढा एकच पहारेकरी उरला होता. काकांनी तो आत्ताच खरवडून काढला होता.

"पोरीला उचल," ते मुलीला म्हणाले. बॅटरीची वायर सोडवून त्यांनी पलंगालगतच्या, वायर झाकणाऱ्या प्लायवूडला स्क्रूड्रायव्हर लावला.

"बाबा, हे कशाला उचकटताय? उद्या निघायचंय आम्हाला. गाडी माझी आहे शेवटी!"

"गाडी तुमची. नात माझी."

जावयाशी ते असे पहिल्यांदाच बोलले.

फळी निघाली. तिची आतली बाजू काळी पडली होती, अगदी उशीच्या उंचीवर. वायरचे आवरण वितळून ओघळले होते. पुढे ती शेगडीकडे जाणाऱ्या गॅसच्या रबरी नळीवर टेकली होती. टेकली कसली, नळीत रुतली होती. जावयाच्या मते ही खूण आधीच्या मालकाच्या वेळची असावी. काकांच्या मते ताजी. मुलीने तिथे बोट टेकवले आणि चटका बसताच झटकन मागे घेतले. मी मुलीचे म्हणणे ग्राह्य धरतो. बोट तिचे होते.

"वास येतोय का?" काकांनी विचारले.

जावई सिलिंडरकडे धावला, पण कॉक कोणत्या बाजूला फिरवला की बंद होतो, हेच त्याला आठवेना. एकदा इकडे, एकदा तिकडे, त्याचा हात नुसता फिरत राहिला. शेवटी मुलीने त्याला बाजूला सारले आणि नातीला कडेवर घेऊनच, एका हाताने, कॉक बंद केला. पोर अजून झोपेतच होती.