पडणारा खटका आणि आत्याचा कुलर

बाबांना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या शांताआत्याच्या घरी एक रात्र मुक्काम करायचा होता. एवढीच मागणी. पण झोपताना बाबांना ऑक्सिजनच्या मशीनची नळी लागते, आणि आत्याच्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी म्हटलं, आपला ट्रेलरच नेऊ. गाडीमागे ओढायचं आमचं हे छोटं घर: दोन पलंग, ओटा, गिझर, छतावर सोलर, पलंगाखाली बॅटरी. बॅटरीवर मशीन अर्धी रात्र चालतं, पुढे बाहेरची वीज हवीच. सुनील, माझा नवरा, गाडी चालवतो. ट्रेलरच्या पोटातलं सगळं मी बघते. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने ट्रेलरचे प्रश्न सुनीलला विचारले आणि त्याने प्रत्येकाला माझ्याकडे पाठवलं, तरी पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. माझ्या चिडण्याची सुरुवात तिथून धरा.

नागपूर, वर्धा, यवतमाळ, आर्णी असा हायवे आहे, ट्रेलरला अगदी सुखाचा. निघण्याआधी टायरची हवा आणि मागचे दिवे तपासा. टोलनाक्यावर ट्रेलरला कोणता दर लावायचा यावर दर वेळी चर्चासत्र भरतं, तेवढा संयम सोबत ठेवा. यवतमाळला आलूबोंडा आणि वर तिखटजाळ तर्री खाल्ली. बाबांनी फक्त वास घेतला आणि डॉक्टरला दोन शिव्या घातल्या. आर्णीनंतर दिग्रसचा रस्ता धरला, मग डांबर संपलं आणि दोन्हीकडे नांगरून पडलेली काळी शेतं लागली. अशा रस्त्यावर ट्रेलरच्या आतलं काय काय सुटतं ते पोहोचल्यावरच कळतं.

आत्या फाटकातच उभी होती. बाबा गाडीतून उतरले तशी ती त्यांचा हात धरून नुसती उभी राहिली. तिचा मुलगा प्रकाश तोवर सुनीलला विचारत होता, "भाऊजी, लाइन कुठून जोडाची?"

लाइन मीच जोडली. ट्रेलर अंगणात लावला, चार लोखंडी पाय जमिनीवर टेकवले आणि ओसरीतल्या बोर्डात वायर घातली. आमच्या ट्रेलरला एक सुरक्षेचा खटका आहे. करंट कुठे गळायला लागला की तो आपोआप पडतो आणि वीज तोडतो. तासभर तो नीट राहिला. मग आत्याने उन्हं उतरल्यावर अंगणात पाणी शिंपडलं आणि खटका पडला. मी उचलला, परत पडला. मी म्हटलं, आधी जेवून घेऊ, मग एकेक वस्तू बंद करून शोधते. आत्याने आंब्याचा रस आणि कुरड्या वाढल्या होत्या. ते सोडून वायरी तपासायला मी काही संत नाही.

जेवून बाहेर आले तर ट्रेलरमध्ये दिवे लागलेले. बरं वाटलं. जेवायला बसले तशीच अनवाणी ओल्या अंगणातून गेले, दाराच्या कडीला हात लावला आणि खांद्यापर्यंत असा झटका बसला की मी मागच्या मागे बसलेच. वर बघते तर बाबा माझ्या मागोमाग आलेले, तेही अनवाणी, चढण्यासाठी स्टीलच्या दांडीकडे हात नेत होते.

"बाबा, हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठली.

ओसरीतली वायर उपटली आणि आत जाऊन खटका बघितला. त्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत वायरचा एक तुकडा ठोकलेला होता, म्हणजे खटका पडला तरी वीज चालूच. प्रकाश दारात येऊन उभा राहिला.

"थे घडीघडी पडून राह्यला होता ना ताई. मंग म्या डायरेक्ट करून देला."

"डायरेक्ट? बाबा मेले असते आत्ता!"

"एवढी काहून तापून राह्यली? एवढा करंट त आमच्या कुलरलेही येते. चप्पल घालून हात लावाचा, बस."

मी टेस्टर घेऊन घरात गेले. आत्याच्या खाटेजवळचा लोखंडी कुलर चालू होता. त्याच्या पत्र्याला टेस्टर लावला तर दिवा लख्ख पेटला. बाजूला आत्याची पाणी भरायची बादली. घरातल्या एकाही बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकामागे तार नव्हती. हे या घराला अनेक उन्हाळे माहीत होतं, आणि त्यावर सगळ्यांचा उपाय एकच: रबरी चप्पल. मी प्रकाशला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. सुनील मला ओढत होता, आत्या रडत होती.

"आता दादाले घिऊन जाशीन," ती म्हणाली. "माया घरी एक रात झोपू देणार नाही."

नेणारच होते. पण बाबा ओसरीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "तू दुरुस्त कर. मी इथंच बसतो."

दात-ओठ खात दुरुस्त केलं. ठोकलेला तुकडा काढला, ओसरीत वायर परत घातली. खटका पडत असेल तर हेच करा: आतल्या सगळ्या पिना काढा, खटका उचला, मग एकेक पिन घाला. गिझरची पिन घातली आणि खटका धाडकन पडला. खाऱ्या पाण्याने गिझरची कॉइल फुटली होती. करंट ट्रेलरच्या पत्र्यात उतरत होता आणि लोखंडी पायांतून जमिनीत जात होता, म्हणून अंगण ओलं झालं की खटका पडायचा. तो आपलं काम चोख करत होता. गिझरची वायरच कापून टाकली आणि टेस्टरने सगळा पत्रा तपासला. त्या रात्री बाबा ट्रेलरमध्ये झोपले आणि आत्याने दाराशी खाट टाकली. दोघं किती वेळ कुजबुजत होती.

सकाळी आत्याच्या घरासाठी तसाच खटका आणायला दिग्रसला गेले. दुकानदार सुनीलकडे बघून म्हणाला, "नेतेत लोकं. पंधरा दिवसानं शिव्या देत वापस आणतेत, पडते म्हनून." मी तरी घेतला. कुलर बदलून देते म्हटलं तर आत्या ऐकेना, चांगला चालतो म्हणे. मग घरात खटका बसवला आणि कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला; कुलरची गळती अजून थोडी होती, म्हणून खटका टिकला. प्रकाशने खणला, तोंड फुगवून का होईना. निघताना आत्याला बजावलं, हा पडला तर कोणाला हात लावू देऊ नकोस.

नागपूरला येऊन आठवडा झाला. प्रवासाचं काय राहिलं म्हणाल, तर बाबा रोज त्या रात्रीबद्दल बोलतात आणि मला रोज तो पेटलेला टेस्टर दिसतो.

काल आत्याचा फोन आला. "खटका पडला, परवापासून. पक्या म्हणे डायरेक्ट करतो. म्या त्याले हाकलून देलं."

"आणि कुलर?"

"बंद हाये. ओलं लुगडं आंगावर घिऊन झोपतो."

मग प्रकाशने फोन हिसकावला. "ताई, तालुक्याचा वायरमन उद्या येतो, उद्या येतो करून राह्यला. तुमच्या खटक्यानं माई माय उकडून मरून जाईन!"

मी येते म्हटलं आणि फोन ठेवला. करंट गळतोय म्हणूनच खटका पडला, त्यात माझी चूक नाही. पण आत्या त्या भट्टीत तीन रात्री पडून आहे, फक्त मी सांगितलं ते तिनं ऐकलं म्हणून. हत्यारं गाडीत टाकली आहेत. सुनील विचारतोय, एवढ्या उन्हात जायचं का, आणि बाबा त्याच्याआधी जाऊन गाडीत बसले आहेत.