मालगुंडच्या आजींची कॅसेट

आजी काही बोलेनात. मालगुंडला त्यांच्या घरी टेप फिरत होती आणि सुनंदा कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारत होती.

"लग्नाच्या वेळी आपलं वय काय होतं?"

"व्हतं काय ते."

"लहानपणीची एखादी आठवण?"

"कसली गो आठवण? सगळ्यांचं तसंच आमचं."

मी माइक धरून बसले होते. मनातून मला बरं वाटत होतं, हे खरं लिहिते.

रत्नागिरीत अप्पांचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्याची हकिकत कॅसेटवर भरून द्यायचं कामही ते घेत. मुलं मुंबईला, नाहीतर बोटीवर. त्यांना आईबापांचा आवाज जवळ हवा असे. दोन वर्षं हे काम मी करत होते. शिक्षण चौथी, बोलणं कमी, पण म्हातारी माणसं माझ्याजवळ बोलत. मग सुनंदा आली. बी.ए. झालेली. अप्पा म्हणाले, "मालू, विचारणारं माणूस मिळालं. तू आता मशीन बघ."

आजी का बोलत नाहीत ते मला कळत होतं. सुनंदाने त्यांना नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवलं होतं. हात रिकामे. आमच्याकडची म्हातारी अशी बसून बोलत नाही. मी आधी त्यांच्याबरोबर काहीतरी धान्य निवडायला घेऊन बसत असे. सुनंदाला हे सांगितलं नाही. मुद्दाम.

संध्याकाळी अप्पांनी कॅसेट ऐकली.

"ह्यात आहे काय? मुलगा परवा बोटीवर जातोय, वर्षभर येणार नाही. आजींचं वय काय! उद्या परत जा."

दुसऱ्या दिवशी मी आजींकडे निवडायला कुळीथ मागितले. सूप घेऊन त्या खाली बसल्या, आणि खडे काढता काढता बोलू लागल्या. नवरा होडी घेऊन गेला तो आलाच नाही. मुलगा एकटीने वाढवला. पाऊण तास त्या थांबल्या नाहीत. मी सुनंदाकडे बघितलं. बघ म्हटलं, मनात.

तिने कागद बाजूला ठेवला. "आजी, मग मुलाला बोटीवर कसं पाठवलंत?"

आजींचे हात थांबले.

"पाठवत नव्हतेच. नोकरीचं पत्र आलेलं, ते मी तांदळाच्या डब्यात लपवलं. आठ दिस. तो पोस्टमनला शिव्या घालतोय, मी आपली गप. मग एक दिस डब्यात हात घातला, तर तांदूळ तळाला गेलेले. काढलं पत्र नि दिलं त्याच्या हातात."

दोन वर्षांत मी कुणाला असं काही विचारलं नव्हतं. ऐकत बसलं की झालं, असं मला वाटे.

आजींचा मुलगा कॅसेट न्यायला दुकानात आला. पत्राची जागा त्याने दोनदा ऐकली.

अप्पा हळूच म्हणाले, "तेवढं पुसून देऊ का?"

"नको. मागच्या पट्ट्या मोडा."

कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडल्या की वर दुसरं काही भरता येत नाही. मी त्या मोडून दिल्या.

"आईला हे विचारलं कुणी?"

अप्पा माझ्याकडे बघू लागले. सुनंदा मागे वायर गुंडाळत होती. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं.

"हिने," मी म्हटलं.

म्हाताऱ्या माणसाला बोलतं करायचं तर त्याच्या हाताला काम द्यावं. आणि ते बोलू लागलं की एक तरी प्रश्न विचारावा. यातलं दुसरं मी सुनंदाकडून शिकले, ते मला अजून आवडत नाही.