दूधसागरच्या पुलावर आईनं डोळे उघडले

मंडळी, हुबळीला पोचले, पण मन अजून त्या पुलावरच आहे.

हुबळीची मावशी खूप आजारी आहे. आईला बस लागते आणि रेल्वेच्या वाटेवरच्या दूधसागरच्या पुलाची धास्ती, म्हणून कित्येक वर्षं बहिणीची भेट नाही. आज मी तिला घरून, साखळीहून, कुळे स्टेशनवर नेलं आणि गाडीत बसवलंच.

नेमकी गाडी पुलावर थांबली. आईनं डोळे मिटून माझा हात आवळला. "बाये, हो पूल आमका धरतलो न्हय गे?"

"आई, पोर्तुगीज काळातला दगडी पूल हा. कमानीतले दगड एकमेकांना रेटून उभे असतात. वरून वजन आलं की आणखी घट्ट बसतात."

तिनं हळूच डोळे उघडले. पुढे वळणावर कमानी दिसत होत्या. वरून पांढराशुभ्र धबधबा येत होता आणि तेच पाणी आमच्याखालून दरीत कोसळत होतं. आईचे हात आपोआप जोडले गेले. माझ्याही अंगावर काटा आला.

मावशीच्या उशाशी बसल्याबरोबर आई तिला लवकर बरं व्हायला सांगत म्हणाली, "बेगीन बरी जा गे. तुका तो पूल दाखयतां."

भीतीपोटी तुमची कुणाची भेट राहून गेलीये?