रिकाम्या हाताने फोन ठेवू नये

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यात, विपुल तांबे अकरा वर्षं ऑपरेटर होता. या अकरा वर्षांत तिथे त्याला कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. सुपरवायझर 'ए तीन नंबर टाकी!' अशी हाक मारायचा. पोलादपूरला घरी बायको 'अहो' म्हणायची, पण त्या 'अहो'त आदर चिमूटभर आणि 'गॅस संपलाय' पसाभर. नोव्हेंबर संपता संपता त्याने शेअरचं ऑनलाइन खातं उघडलं आणि एका फोनमध्ये त्याचा 'विपुल सर' झाला.

पैसे मात्र सरांचे नव्हते. बायको प्रियदर्शिनी शाळेचे गणवेश शिवायची. बचत गटातून तिला वीस हजार मिळाले होते, मोटरवर चालणाऱ्या नव्या मशीनसाठी.

"अगं, खातं उघडायला शून्य, दलाली शून्य, फोन नंबरसुद्धा टोल फ्री," विपुल म्हणाला. "फुकटात पैसा वाढतोय, आणि तू तो कपाटात कोंडून ठेवणार?"

"सहा महिने," प्रियदर्शिनी म्हणाली. "मे संपला की बघू. नफा असला तर खेळा. नसला तर खातं बंद, आणि शाळा उघडायच्या आत मशीन घरात."

आता कारखान्यात मोबाईल नेता येत नाही. ठिणगी उडाली तर अख्खी वसाहत आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला पोचेल. मोबाईल गेटवर जमा. पण गेटवरच्या चांगूच्या केबिनमध्ये लँडलाइन होता. जेवणाची सुट्टी झाली की चांगू डोळे मिचकावून म्हणायचा, "जा रे विपल्या, तुजी मॅडम जेवली नाय हाय अजून."

विपुल कॉलर नीट करून शेअर दलालाच्या कंपनीचा टोल फ्री नंबर फिरवायचा. पलीकडून खडीसाखर विरघळायची. "नमस्कार विपुल सर! आज आपली काय सेवा करू शकते?"

सरांना खरं तर फक्त भाव विचारायचा असायचा. पण मॅडम भाव सांगायची, थांबायची आणि म्हणायची, "आणखी काही सेवा, सर?" आता ओळखीच्या दुकानात शिरून, खुर्चीवर बसून, चौकशी करून माणूस तसाच उठतो का? निदान काडेपेटी तरी घेतोच. तसं विपुल म्हणायचा, "बरं, दोन द्या त्यातले." कधी दोन घे, कधी तीन वीक. मग घरी येऊन तो मॅडमचा आवाज काढायचा, मान वाकडी करून, "आणखी काही सेवाऽ, सर?" प्रियदर्शिनी काजं करता करता ऐकायची.

रोज संध्याकाळी ईमेलवर एक कागद यायचा. उघडायला पासवर्ड मागायचा. "आपल्याच माणसाकडे कोण पासवर्ड मागतं? दुसऱ्या कोणाचा असेल," म्हणून सरांनी सहा महिन्यांत एकही उघडला नाही.

मे संपला. प्रियदर्शिनीने सुई बाजूला ठेवली, पासवर्डच्या जागी विपुलचा पॅन नंबर टाकला आणि सगळे कागद उघडले.

"भाव वाढून एकवीसशे फायदा," विपुल छाती काढून म्हणाला.

"हो ना. आणि हे काय? फोनवरून ऑर्डर, पन्नास रुपये, वर जीएसटी. एकोणसाठ."

"फोन टोल फ्री आहे गं!"

"फोन फुकट. तुम्ही त्याच्यावर जे घेतलंत-विकलंत, ते नाही. प्रत्येक ऑर्डरला एकोणसाठ. बेचाळीस वेळा." तिने खडूने टेबलावर लिहिलं. "चोवीसशे अठ्ठ्याहत्तर. खातं सांभाळायचे दर तीन महिन्यांनी साडेअठ्ठ्याऐंशी, दोनदा. विकलं की प्रत्येक वेळी सोळा, बारा वेळा. महिन्याला पावणेपाचशे पडले, अहो! फायदा खाऊन वर साडेसातशेचा खड्डा."

"उघडायला शून्य म्हणाले होते..."

"उघडायलाच म्हणाले होते."

विपुलने खडूच्या आकड्यांवर बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, "उद्या मॅडमला सांगतो, सगळं विका."

"चार कंपन्या आहेत. चार ऑर्डर. परत एकोणसाठ गुणिले चार?"

म्हणून गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, साडेनऊ वाजता दोघं ओट्यावर बसली. विपुलने आपल्याच मोबाईलवर आपल्याच बोटाने चारही कंपन्या विकल्या. फोनचा खर्च शून्य. विकायचे सोळा मात्र चारदा गेलेच. खड्डा पगारातून भरायचा ठरलं, आणि पुढल्या आठवड्यात मशीन आणायचं.

काम झालं, पण विपुल मोबाईलकडेच बघत बसला. कोणी काही म्हटलंच नव्हतं. यंत्राने 'सर' म्हणायचं सोडाच, साधं खाकरलंसुद्धा नाही.

प्रियदर्शिनीने मान वाकडी केली आणि आवाजात खडीसाखर घातली. "आणखी काही सेवाऽ, विपुल सर?"

विपुल सावरून बसला. "नको, मॅडम."

"वा! शिकलात," ती म्हणाली आणि गणवेशांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. "मग बटणं लावा. हा फोन खरंच फुकट होता."