दहापैकी किती दुखतंय?

नर्सच्या नोकरीत किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. इथे आखातात, जाब्रियातल्या क्लिनिकमध्ये माझी सतरा वर्षं गेली. त्यातले निम्मे किस्से एकाच प्रश्नाचे आहेत. पोट धरून कोणी आलं, की मी विचारायचं, "दहापैकी किती दुखतंय?" आणि आकडा चिठ्ठीवर लिहायचा. आकडा मोठा असेल तर सर्जन त्याच दिवशी बघायचे. छोटा असेल तर अपॉइंटमेंट, तीन आठवड्यांनी!

*

फिंतासला राहणारे कुलकर्णी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. पित्ताशयात खडा, कपाळावर घाम, पण शिस्त सुटली नव्हती.

"सिस्टर, झिरो कुठे धरलाय? स्केल कॅलिब्रेट कोणी केलंय?"

मी म्हटलं, "साहेब, आकडा सांगा हो!"

कळ आली तसे ते टेबलावर वाकले. दातओठ खात म्हणाले, "साडेसहा. प्लस-मायनस अर्धा!"

मी सात लिहिले.

*

एक आजी मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, साताऱ्याकडच्या. अंगात ताप. उजव्या बरगडीखाली नुसता हात लावला तर डोळे मिटले.

"आजी, दहापैकी किती?"

"दोन."

मी चाटच पडले. "अहो, एवढं दुखतंय आणि दोनच?"

"मग! बाळंतपण दहा धरलं तर हे दोनच की गं. आणि तसली पाच केली मी."

आकडा बाजूला ठेवून मी सर्जनना बोलावलं. त्याच दुपारी आजींचं ऑपरेशन झालं. पित्ताशयात पू झाला होता! तेव्हापासून बायकांचा आकडा मी मनातल्या मनात दुप्पट करायला लागले. सगळ्याच जणींचा केला असता तर बरं झालं असतं.

*

हबीबभाई रत्नागिरीचे, टेलर. रमजानमध्ये आले. आकडा विचारला तर म्हणाले, "दिवसा शून्य. मगरिबनंतर नऊ."

"असं कसं?"

"सिस्टर, दिवसभर काय नाय. रोजा सोडला का कळा सुरू. माला वाटला, माजा रोजा कबूलच होत नाय."

पंधरा दिवस हा माणूस ती भीती उराशी धरून बसला होता. बायकोलासुद्धा बोलला नव्हता.

आमच्या इजिप्शियन सर्जननी त्यांना समजावलं. उपाशी पोटी पित्ताशय स्वस्थ असतं. तळलेलं पोटात गेलं की ते आवळतं आणि खडा तोंडाशी अडकतो.

हबीबभाईंचा चेहरा असा उजळला! "म्हंजे समोसेच ना? माजी नियत नाय ना?"

*

लातूरचा एक स्टोअरकीपर आकडा सांगेचना. शेवटी हळूच म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच सांगा, किती म्हणू? ऑपरेशन तर व्हायला पाहिजे, पण आजारी म्हणून मुदीरनं, आमच्या मॅनेजरनं, कायमचं घरी पाठवायला नको."

मी आठ लिहिले आणि मुदीरसाठी वेगळी चिठ्ठी दिली : चार दिवसांत कामावर हजर!

*

आणि महबूलाला राहणारी माधवी. तिच्या पित्ताशयातला खडा ज्वारीच्या दाण्याएवढा. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. म्हणाली, "दहा."

नवरा सुहास शेजारीच होता. "सिस्टर, चार लिहा. हिला वाढवून सांगायची सवय आहे. कंपनीच्या मेडिकलमध्ये माझ्या पोटात अकरा खडे निघाले. मी ओरडतो का?"

मी पाच लिहिले. हो, मीच लिहिले. तीन आठवडे ती पेजेवर राहिली, रोज कळा सोसत.

ऑपरेशननंतर सर्जन सुहासला म्हणाले, "खडे किती आणि केवढे, याला अर्थ नाही. नुसते पडून राहिले तर कळतही नाहीत. अडकला तर दाण्याएवढासुद्धा पुरतो." सुहासने मान डोलावली. पटलं असेल असं काही वाटलं नाही.

दोन वर्षांनी त्याच्या अकरांपैकी एक अडकला.

माधवीने त्याला व्हीलचेअरवरून आणलं. शर्ट घामाने चिंब, तोंडातून शब्द फुटेना. मी विचारलं, "किती?" त्याने दोन्ही हातांची बोटं वर केली.

सवयीने माझी नजर माधवीकडे गेली. पेन हातातच होतं.

ती त्याचं कपाळ पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "दहा म्हणतायत ना? मग दहाच लिहा, सिस्टर. दुखतंय त्यांना. मला कशाला विचारता?"