न दिसणारं रफू

रफूवालीचा हात असा, की भोक कुठे होतं ते कोट घालणाऱ्यालाही सापडू नये. परदेशात कपडे धुण्याच्या एका दुकानात, मागच्या खिडकीशी बसून ती लोकांचे लोकरी कोट सांधायची. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा उपसायचा आणि विणीत एक खाली, एक वर असा घालत जायचा. मालक म्हणायचा, हिचं काम दाखवून गिऱ्हाईक आणावं, तर दाखवायला काही उरतच नाही.

घरी नवरा तिचे कपडे फाडायचा. दंडाला धरून ओढलं की बाही जायची, मानेला धरलं की गळा. दुसऱ्या दिवशी ही तेही सांधायची. मार खायचा आणि वर मारणाऱ्याची अब्रूही शिवून द्यायची, असली बाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईनेच शिकवलेलं. नऊ वर्षं तिने मूठ झाकली. मग एकदा सात वर्षांची लेक, ठकी, दारामागे पुटपुटताना दिसली. बाबांचा आवाज चढला की पोर आकडे मोजायची. शंभराच्या आत थांबलं तर आजचा दिवस बरा. सुट्टीचं निमित्त करून ती लेकीला घेऊन मायदेशी आईकडे आली, ती परत गेलीच नाही.

नवऱ्याने दावा लावला, बायकोने मुलगी पळवली.

वकीलबाई वयाने लहान, पण नीट समजावून सांगणारी. म्हणाली, कायदा पहिल्यांदा एवढंच बघतो, की मुलगी राहत कुठे होती. तिथे तिला परत पाठवायचं, कोणाकडे ठेवायचं ते तिथलं कोर्ट ठरवेल. अडवायचं तर परत जाण्यात मुलीला मोठा धोका आहे, हे दाखवावं लागेल. फोटो, डॉक्टरचा कागद, काहीतरी. काही नव्हतं. शेजारणीलासुद्धा हिने कधी कळू दिलं नव्हतं. होते ते बॅगेतून आलेले सहा कपडे.

वकीलबाईने ते उजेडात धरले, उलटेपालटे केले. "ताई, यात फाटलंय काय?"

"सगळ्यांतच," ती म्हणाली, आणि तेवढ्यातही मेलीच्या तोंडावर जरासा अभिमान आलाच.

तारखेच्या आदल्या दुपारी ती आईच्या स्वयंपाकघरात सुई घेऊन आपलंच रफू उसवत बसली. करायला लागला नव्हता इतका वेळ उसवायला लागला.

आई म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, सगळ्यांच्याच घरी असतं."

आईने घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

कोर्टात नवऱ्याच्या वकिलाने बाही बोटांत धरली. धागे ताजे, कडा स्वच्छ. हे कधी झालं, एवढंच त्याने विचारलं. "काल," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय तिला होती, पण ती फक्त नवऱ्याच्या बाजूने.

जजसाहेब मऊ बोलले. बाईंना त्रास झालाच नाही असं आम्ही म्हणत नाही, पण त्याने मुलीच्या अंगाला हात लावला का? नाही, ती म्हणाली. मग तिने दारामागच्या मोजण्याचं सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

निकाल लागला. तीन आठवड्यांत मुलगी परत पाठवावी. बाईला हात लावणार नाही आणि मायलेकींना दुसरीकडे वेगळी खोली घेऊन देईन, असं नवऱ्याने लिहून दिलं. त्याने नाही पाळलं तर, तिने विचारलं. वकीलबाई खाली बघून म्हणाली, इथल्या कोर्टाचा हात तिथे पोचत नाही, तिथे तक्रार करावी लागेल. पुरावा घेऊन.

आई म्हणाली, "तू नको जाऊस. जिवंत ठेवायचा नाही तो."

"मग ठकीला एकटीला पाठवू?"

आईने ठकीचे कपडे घड्या घालून बॅगेत भरायला घेतले.

विमानतळावर खिडकीतल्या माणसाने विचारलं, तिथे कुठे राहणार. खोलीचा पत्ता नवऱ्याने अजून कळवलाच नव्हता. तेव्हा ठकीने टाचा उंचावून जुन्या घराचा पत्ता सांगितला. रस्ता, मजला, दाराचा नंबर, सगळं बिनचूक.

"हुशार आहे हो पोर," म्हणत त्याने शिक्का मारला.